बेवारस स्रोत: किरणोत्सारी दहशतवाद आणि सार्वजनिक सुरक्षितता

किरणोत्सारी दहशतवाद म्हटले की अणुबॉम्बचे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि या विषयावरच्या बहुतेक गैरसमजांचा उगम तेथेच होतो. अणुबॉम्बमध्ये अणुकेंद्रकांचे विभाजन घडवून प्रचंड ऊर्जा मुक्त केली जाते. त्यासाठी समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम लागते, मोठे कारखाने लागतात आणि व्यवहारतः एखाद्या राज्यसंस्थेचे बळ लागते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय याहून वेगळा आणि पुष्कळ खालच्या पातळीवरचा आहे. रुग्णालयात, कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत रोजच्या उपयोगासाठी ठेवलेला किरणोत्सारी पदार्थ चोरून तो लोकवस्तीत पसरवणे, वर्दळीच्या जागी लपवून ठेवणे किंवा एखाद्याच्या खाण्यापिण्यात मिसळणे, असे या कृत्याचे स्वरूप असते. वृत्तपत्रे ज्याला 'डर्टी बॉम्ब' म्हणतात त्यात स्फोट होतो तो नेहमीच्या रासायनिक स्फोटकांचा. किरणोत्सारी पदार्थाची धूळ त्या स्फोटाने आसपास उडते, एवढेच. अशा घटनेत तत्काळ होणारे मृत्यू बहुतांशी स्फोटाचे असतील, किरणांचे नव्हेत, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. असा बॉम्ब आजवर कोणत्याही हल्ल्यात फुटलेला नाही. तरीही या विषयाला राष्ट्रीय सुरक्षेच्या चर्चेत मोठे स्थान मिळाले आहे, आणि ते का मिळाले हे पाहू गेल्यास दहशतवाद्यांच्या हालचालींपेक्षा आपल्याच दप्तरातल्या नोंदींकडे लक्ष द्यावे लागते.

प्रत्यक्ष प्रयत्नांचा इतिहास तसा थोडक्यात आटोपतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांचा म्होरक्या शामील बसायेव याने मॉस्कोच्या इझ्मायलोव्स्की उद्यानात सीझियम-१३७ असलेले पुडके ठेववले आणि त्याची खबर एका दूरचित्रवाणी वाहिनीला दिली. स्फोट घडवला नाही. घडवू शकतो हे दाखवणे एवढाच हेतू होता, आणि तो कॅमेऱ्यांनी पुरा केला. जून २००२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी, योगायोगाने मॉस्कोहूनच, होजे पडिया या इसमाच्या अटकेची घोषणा करताना डर्टी बॉम्बचा कट उधळल्याचे सांगितले; पाच वर्षांनी त्याच्यावर खटला चालून शिक्षा झाली तेव्हा दोषारोपात या बॉम्बचा उल्लेखही नव्हता. दरम्यान त्या घोषणेने जी धास्ती पसरायची ती पसरून गेली होती. दहशतवाद्याला जे साधायचे असते त्यातला काही भाग सरकारी पत्रकार परिषदही फुकटात साधून देते, ही या प्रकरणातली खरी शिकवण. पण तिचा उल्लेख सुरक्षाविषयक ग्रंथांत क्वचित सापडतो.

नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनमध्ये घडलेली माजी रशियन गुप्तचर अधिकारी अलेक्झांडर लिटविनेन्को यांची हत्या काटेकोर अर्थाने दहशतवादी कृत्य नव्हते, एका व्यक्तीवरचा तो विषप्रयोग होता. तथापि सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. चहातून दिलेले पोलोनियम-२१० अल्फा कण बाहेर टाकते. हे कण साध्या कागदानेही अडतात, त्यामुळे शरीराबाहेर ते जवळजवळ निरुपद्रवी आणि पोटात गेल्यावर मात्र प्राणघातक ठरतात. नेहमीची गॅमा-मोजणी यंत्रे त्यांचा माग काढू शकत नाहीत, म्हणून विषाची ओळख पटली ती रुग्णाच्या मृत्यूच्या काही तास आधी. त्यानंतर हॉटेले, उपाहारगृहे, कचेऱ्या आणि विमाने यांतून त्याचे अंश सापडू लागले. ब्रिटिश एअरवेजला २२१ उड्डाणांमधल्या सुमारे ३३,००० प्रवाशांना संपर्क साधण्याचे आवाहन करावे लागले. एवढे होऊनही लंडनमध्ये पळापळ झाली नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी गेलेल्या माणसाने कोठे दूरध्वनी करावा आणि इतरांनी काळजी का करू नये, हे आरोग्य यंत्रणेने आरंभापासून नेमक्या शब्दांत सांगितले, हे त्याचे एक प्रमुख कारण मानता येईल.

आता ज्या पदार्थांविषयी हे सारे चालले आहे त्यांकडे वळावे. किरणोत्सारी स्रोत म्हणजे धातूच्या कुपीत बंद केलेला किरणोत्सारी पदार्थ. कर्करोगावरच्या उपचारात कोबाल्ट-६०, तेलवाहिन्यांच्या सांध्यांची तपासणी करणाऱ्या औद्योगिक रेडिओग्राफीत इरिडियम-१९२, रक्तपिशव्यांवर किरण सोडण्याच्या यंत्रांत सीझियम-१३७, असा त्यांचा वापर जगभर चालतो. नाशिक जिल्ह्यात लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्टचे गॅमा किरणच वापरले जातात आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही तेथूनच किरणांखालून गेला होता. पदार्थाची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. तो इरिडियमचा ७४ दिवस, कोबाल्टचा सव्वापाच वर्षे आणि सीझियमचा ३० वर्षे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या स्रोतांची पाच वर्गांत विभागणी करते आणि तिची २००३ ची आचारसंहिता पहिल्या तीन, म्हणजे अधिक घातक, वर्गांवर देखरेख ठेवण्याविषयी देशांना मार्गदर्शन करते. ही संहिता कायद्याने बंधनकारक नाही. देशोदेशींची सरकारे तिला राजकीय पाठिंबा देतात आणि अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या इच्छेवर व खजिन्यावर राहते.

असा एक स्रोत बेवारस झाला म्हणजे काय घडते, याचा सर्वांत तपशीलवार पुरावा ब्राझीलमधील गोयानिया या शहराने दिला आहे, आणि तेथे कोणीही दहशतवादी नव्हता. एका खासगी रेडिओथेरपी दवाखान्याने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली, पण सीझियमचे उपचारयंत्र जुन्या, अर्धवट पाडलेल्या इमारतीत तसेच राहिले. नियंत्रक संस्थेला हे कळवले गेले नाही. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघा तरुणांनी भंगार म्हणून त्याचा जड भाग काढून नेला, तो खोलण्याची खटपट केली आणि काही दिवसांनी एका भंगारवाल्याला विकला. आतल्या कुपीत सुमारे ९३ ग्रॅम सीझियम क्लोराइड होते. मिठासारखे दिसणारे, पाण्यात चटकन विरघळणारे हे चूर्ण अंधारात निळसर चमकत असे. ते पाहायला शेजारपाजारचे लोक आले, तांदळाच्या दाण्याएवढे कण नातेवाइकांत वाटले गेले, काहींनी ते अंगाला चोळले, आणि सहा वर्षांच्या एका मुलीने ते लागलेल्या हातांनीच जेवण केले. घरातली माणसे एकामागून एक आजारी पडू लागल्यावर संशय घेतला तो भंगारवाल्याच्या पत्नीने. २८ सप्टेंबरला उरलेला भाग पिशवीत घालून, चक्क बसमधून, तिने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी एका भौतिकीतज्ज्ञाने उसने मोजयंत्र आणले. कचेरीपासून बऱ्याच अंतरावरच काटा टोकाला गेल्याने यंत्र बिघडले असे समजून त्याने दुसरे मागवले, तेव्हा कोठे खरा प्रकार ध्यानात आला. तो वेळेवर पोहोचला नसता तर अग्निशमन दलाचे लोक ती वस्तू नदीत टाकणार होते.

चार जण दगावले. त्यांत ती मुलगी होती आणि ती पिशवी कचेरीत नेणारी तिची काकूही होती. शहराच्या ऑलिंपिक क्रीडांगणावर सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली आणि दूषित आढळले फक्त २४९. याचा अर्थ प्रत्यक्ष बाधित झालेल्या एका माणसामागे साडेचारशेच्या आसपास माणसे भीतीपोटी रांगेत उभी राहिली, आणि किरणांचा स्पर्शही न झालेल्या अनेकांना उलट्या होणे, अंगावर चट्टे उठणे असली लक्षणे दिसू लागली. ही लक्षणे खोटी नव्हती. भय शरीरातूनही बोलते, आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या परिचारिकेला दोन्ही तऱ्हेचे रुग्ण सारखेच दिसतात. पुढे गोयास राज्याच्या शेतमालाला गिऱ्हाईक मिळेना, तेथल्या माणसांना परगावच्या हॉटेलांत खोली मिळेना, आणि आपण दूषित नसल्याचे दाखले हजारोंनी वाटावे लागले. मुलीची शिशाने मढवलेली शवपेटी दफनभूमीत नेली जात असताना जमावाने दगड मारले. सुमारे ३,५०० घनमीटर दूषित माती, पाडलेल्या घरांचा राडारोडा आणि घरगुती सामान पिंपांत भरून अबादिया दे गोयास येथे कायमचे साठवले आहे. हा सारा उत्पात ९३ ग्रॅम पदार्थाचा. हेतुपुरस्सर काही करू पाहणाऱ्याला गोयानियाहून अधिक नुकसान करता येईलच असे नाही, मात्र गोयानियाइतकीच भीती तो निश्चित निर्माण करू शकेल.

गोयानियाच्या जमावाने जी चूक केली ती समजून घेण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. किरण अंगावर पडणे ही एक आणि किरणोत्सारी धूळ अंगाला लागणे ही दुसरी. उन्हात उभे राहणे आणि अंगाला काजळी लागणे यांत जो फरक आहे तसाच काहीसा हा फरक आहे. ज्याच्यावर केवळ गॅमा किरण पडले तो स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याला शिवल्याने कोणाला काही होत नाही. ज्याला धूळ लागली आहे त्याने बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधून ठेवले आणि साबणपाण्याने अंघोळ केली की त्या धुळीचा बहुतांश भाग निघून जातो. धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली असेल तर मात्र वैद्यकीय उपाय लागतात. गोयानियात 'प्रशियन ब्लू' हे सीझियमला आतड्यात बांधून ठेवणारे औषध ४६ जणांना देण्यात आले. आयोडीनच्या गोळ्यांचा, ज्यांचे नाव अशा वेळी तोंडोतोंडी पसरते, सीझियम किंवा कोबाल्टवर काडीचाही उपयोग नाही. त्या थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, दुसरे काही करत नाहीत.

भारताला स्वतःचा गोयानिया शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले कोबाल्ट-६० चे एक संशोधनयंत्र होते. ते १९८५ पासून वापरात नव्हते, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निरुपयोगी सामानाबरोबर लिलावात निघाले. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारात शिशाच्या लोभाने ते फोडले गेले. एप्रिलमध्ये एका दुकानदाराची त्वचा काळवंडली, केस गळू लागले, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किरणबाधेची शंका आल्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवण्यात आले. कोबाल्टचे तुकडे बाजारात निरनिराळ्या दुकानांत विखुरले होते. एक तर एका माणसाने पाकिटात घालून पँटच्या मागच्या खिशात बाळगला होता. एकाचा मृत्यू झाला, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ज्या संस्थेत किरणांचे गुणधर्म जाणणारी माणसे काम करत होती तेथूनच हे यंत्र भंगारात गेले, ही बाब केवळ निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्याजोगी नाही. जाणणारी पिढी निवृत्त होते, खोलीला कुलूप लागते, नोंदवहीत 'निर्लेखित' असा शेरा पडतो, आणि वस्तू कोणाच्याच मालकीची राहत नाही.

महाराष्ट्रालाही या वाटेची ओळख आहे. २००८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले आणि तेथल्या कारखान्यातल्या काही कामगारांना त्याची सौम्य बाधा झाली. धातूचा माग काढत गेल्यावर तो रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला. कोणाचा तरी हरवलेला स्रोत भंगारातून भट्टीत गेला होता आणि पोलादात मिसळला होता. मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरातही हेच झाले होते. तेथील उपचारयंत्राचे कोबाल्ट भट्टीत वितळून बांधकामाच्या सळयांत आणि टेबलांच्या पायांत उतरले, आणि त्याचा पत्ता लागला तो जानेवारी १९८४ मध्ये, अशा सळयांनी भरलेला एक ट्रक योगायोगाने अमेरिकेच्या लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या दारावरच्या मोजयंत्राजवळून गेला म्हणून. अशी मोजयंत्रे आता बंदरांवर, सीमांवर आणि मोठ्या पोलाद कारखान्यांच्या फाटकांवर दिसतात, हा त्या योगायोगाचा लाभ. मेक्सिकोतच डिसेंबर २०१३ मध्ये चोरांनी एक ट्रक पळवला. त्यांना हवा होता ट्रक. आत रुग्णालयातून विल्हेवाटीसाठी निघालेले कोबाल्ट आहे हे त्यांच्या गावीही नव्हते, आणि दोन दिवसांनी तो स्रोत उघड्यावर सापडला.

यांतल्या बहुतेक प्रकरणांत वस्तू ज्या दाराने बाहेर पडली ते दार एकच आहे, वापर संपल्यावर विसरल्या गेलेल्या नोंदीचे, आणि भंगारवाल्याला जे दार उघडे सापडते ते वाईट हेतूच्या माणसालाही उघडेच असते. म्हणून बंदूकधारी पहारा, गुप्तवार्ता आणि दंडविधान यांचे महत्त्व मान्य करूनही, या धोक्याविरुद्धची पहिली तटबंदी ही हिशेबनिसाची आहे, असे म्हणावे लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ ची. २००४ च्या किरणसंरक्षण नियमांनुसार स्रोत बाळगणाऱ्याला परवाना, प्रशिक्षित किरणसुरक्षा अधिकारी आणि सुरक्षित विल्हेवाट ही बंधने आहेत, आणि पुढे परवान्यांचा सारा कारभार 'ई-लोरा' या संगणकीय व्यवस्थेवर आणला गेला. नियम वाईट नाहीत. मात्र नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये मंडळाच्या कारभाराची तपासणी केली तेव्हा मंडळाच्या स्वायत्ततेवर आणि विल्हेवाटीच्या पडताळणीवर कठोर ताशेरे ओढले. देशातली ९० टक्क्यांहून अधिक वैद्यकीय क्ष-किरण केंद्रे नोंदणीविना चालत असल्याचेही त्यात दाखवले गेले. वृत्तपत्रांत मथळा झाला तो या शेवटच्या आकड्याचा, आणि तो दिशाभूल करणारा होता. क्ष-किरण यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, वीज बंद केली की त्याचे किरणही बंद होतात. लक्ष द्यायला हवे होते ते विल्हेवाटीच्या नोंदींवरच्या ताशेऱ्यांकडे.

अशीच दिशाभूल मे २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने सात किलोहून थोडे अधिक युरेनियम जप्त केले, त्याची किंमत २१ कोटींहून अधिक असल्याचे छापून आले आणि मुंबईवर अणुसंकट आल्याची हवा तयार झाली. भाभा केंद्राच्या तपासणीत ते नैसर्गिक युरेनियम निघाले. नैसर्गिक युरेनियमची किरणोत्सारिता इतकी क्षीण असते की एका जुन्या उपचारयंत्रातल्या चिमूटभर सीझियमपुढे तिची गणतीच नाही. अणुबॉम्बलाही ते जसेच्या तसे उपयोगी नाही. ते बेकायदा बाळगणे गुन्हा आहे आणि कारवाई रास्तच होती. परंतु किलोंचा आणि कोटींचा आकडा ऐकून घाबरणारा समाज ग्रॅमांच्या हिशेबाकडे दुर्लक्ष करतो.

घटना घडलीच तर काय, याविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अणुऊर्जा विभागाची आपत्कालीन प्रतिसाद केंद्रे देशभर आहेत, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याजवळ सुदुंबरे येथील तुकडी राज्याला जवळची आहे. पण पहिला तास या कोणाचाच नसतो. तो चौकीतल्या हवालदाराचा, रुग्णवाहिकेच्या चालकाचा आणि अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरचा असतो. जखमीला धूळ लागली आहे म्हणून त्याला हात लावण्यास डॉक्टर कचरला तर रुग्ण रक्तस्रावाने जाईल. हातमोजे, मुखपट्टी आणि अंगरखा घालून आधी जीव वाचवावा आणि मग मोजणी करावी, हा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला क्रम आहे. आसपासच्या नागरिकांनी पळत सुटण्याऐवजी जवळच्या पक्क्या इमारतीत जावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि सूचनेची वाट पाहावी. एवढे साधे ज्ञान पोलीस प्रशिक्षणात आणि परिचर्या अभ्यासक्रमात पक्के बसवण्यास फार खर्च येत नाही. प्रत्यक्षात पैसा जातो तो संचलनात दाखवता येणाऱ्या वाहनांवर.

याहून मूलगामी उपाय म्हणजे स्रोतच कमी करणे. सीझियमचे विरघळणारे चूर्ण वापरणारी रक्तयंत्रे बदलून क्ष-किरणांवर चालणारी घ्यावीत, असा प्रवाह श्रीमंत देशांत जोरावर आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात असे एक यंत्र हलवताना कुपी कापली जाऊन सीझियम सांडले. बाधा सौम्य होती, तेरा माणसांना ती झाली, पण इमारत दीर्घकाळ बंद राहिली आणि सफाईचा खर्च १५ कोटी डॉलरांवर गेला. कर्करोगाच्या उपचारातही कोबाल्टऐवजी विजेवर चालणारी रेषीय प्रवेगक यंत्रे आली आहेत. परंतु येथे भारतासारख्या देशाची अडचण सुरू होते, आणि ती झटकून टाकता येणार नाही. भाभा केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचे उपचारयंत्र स्वस्त आहे, विजेच्या लहरीपणाला दाद देत नाही, त्याला निगराणी कमी लागते, आणि व्हिएतनामसारख्या देशांनाही ते दिले गेले आहे. सुरक्षेच्या नावाखाली कोबाल्ट घाईने हद्दपार करण्याचा अर्थ जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णाला पुन्हा मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या दाराशी पाठवणे असा होऊ शकतो. तेव्हा यंत्र राहावे, पण ज्या दिवशी ते विकत घेतले जाते त्याच दिवशी त्याच्या परतीची सोय आणि त्या परतीचा खर्च करारात बांधला जावा, संस्था दिवाळखोर झाली किंवा बंद पडली तरी तो खर्च करणारा कोण हे आधी ठरलेले असावे, आणि वापर थांबल्याची नोंद पडल्यावर ठरलेल्या मुदतीत नियामकाचा माणूस त्या खोलीत जाऊन वस्तू डोळ्यांनी पाहून यावा. परदेशातून जुन्या काळी आलेल्या, ज्यांचे उत्पादकच आता उरलेले नाहीत अशा यंत्रांसाठी सरकारलाच खिशात हात घालावा लागेल; गोयानियाच्या सफाईच्या आणि मायापुरीच्या औषधोपचारांच्या मानाने ती रक्कम किरकोळ असेल.